कालव्याच्या वर लागणारा चढ

पळसदेवचे बुडालेले मंदिर पाहायला बारामतीहून मोटारीने जाऊ नये, सायकलने जावे, असे माझे म्हणणे आहे. व्यायाम आणि इंधनाची बचत ही कारणे खरीच आहेत, पण ती कुठल्याही सहलीला लागू पडतात. पळसदेवला सायकल लागते ती वेगळ्या कारणाने. उजनी धरण झाले तेव्हा भीमाकाठचे जुने पळसदेव फुगवट्यात गेले आणि गाव उठून पुणे-सोलापूर महामार्गालगत वसले. पळसनाथाचे दगडी मंदिर, त्याचे विटांचे शिखर आणि आसपासच्या वीरगळी मात्र जागीच राहिल्या. धरण खूप खाली गेले की आधी शिखर दिसू लागते आणि एखाद्या कोरड्या वर्षी अख्खे मंदिर उघडे पडते. कोणते गाव बुडाले, कोणाच्या शेताला पाट मिळाला आणि कोणाचा माळ कोरडा राहिला, हे या मुलखात जमिनीच्या उताराशी जखडलेले आहे. तो उतार अंगाला कळवणारे सायकलीइतके चांगले दुसरे वाहन मला माहीत नाही.

सायकल चालवणाऱ्याची पहिली विद्या चढ-उतार ओळखण्याची असते, आणि ती डोळ्यांपेक्षा पायांना आधी येते. शंभर मीटरला एक मीटर चढणारा रस्ता मोटारीतल्या माणसाला सपाटच वाटतो. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो वजन धरले, तर एवढ्याशा चढाला जो जादा जोर लागतो तो ताशी 20 किलोमीटर वेगाला समोरची हवा जितकी अडवते जवळजवळ तितका असतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा चढ पायांना वाऱ्याइतका ठळक कळतो. कालवा आखणाऱ्याचा व्यवसायही याच बारीक फरकावर चालतो. कालव्याला किलोमीटरमागे वीतभर-हातभर उतार पुरतो. तेवढाच उतार सांभाळत तो टेकडांना वळसे घालत जातो, आणि त्याच्या खालच्या अंगाला बागायत व वरच्या अंगाला जिराईत अशी रेघ जमिनीवर आपोआप उमटते. उपसा केल्याशिवाय ती रेघ पाणी ओलांडत नाही.

बारामतीहून इंदापूर रस्त्याने पूर्वेला निघाले की काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे अशी गावे लागतात. पाय इथे एका लयीत फिरतात, कारण हा नीरा डाव्या कालव्याचा मुलूख. 1876च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजी राजवटीने या पट्ट्यासाठी नीरेचे पाणी वळवले, पुढे त्याच पाण्यावर ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. 1930च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले, स्वातंत्र्यानंतर माळेगावला आणि भवानीनगरला सहकारी कारखाने झाले. जंक्शन या नावाच्याच फाट्यावर दक्षिणेचा रस्ता वालचंदनगरला जातो. आपण उत्तरेला, कळसच्या बाजूने वळावे. इथून सहलीचा खरा धडा सुरू होतो. रस्ता नीरेचे खोरे सोडून भीमेच्या खोऱ्याकडे जाऊ लागतो, ऊस विरळ होतो, हवेतला ओलावा जातो, गियर एकेक करून हलके करावे लागतात. बाजूला ज्वारी-बाजरी काढून झालेली राने, ठिबकवरची डाळिंबे, प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसू लागतात. पुढे कुठेतरी पॅडल अचानक हलके होते. तिथे पाटी नसते, पण दोन नद्यांच्या मधली पाणफूट आपण ओलांडलेली असते. मग भीमेकडे उतरताना पुन्हा ऊस भेटतो. या उसाला पाटाचे पाणी नाही. जलाशयात सोडलेले पाइप, विजेच्या मोटारी आणि त्यांचे बिल यांवर तो उभा आहे. साधारण पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेवर कालव्याचे पाणी, पाण्याचा अभाव आणि उपशाचे पाणी असे तीन प्रदेश ओळीने लागतात. मोटारीच्या काचेतून तिन्ही एकाच रंगात वाहून जातात.

एवढे अंगावर घेऊन मंदिरापाशी पोहोचलेल्या माणसाला समोरचे दृश्य वेगळे वाचता येते. उजनीचा साठा साधारण 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा आहे, कालव्यांना हक्काचा असा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास. पाण्याची पातळी 496.83 मीटर असते तेव्हा धरण भरलेले आणि 491.03 मीटरवर आले की शून्य टक्के. त्याखाली गेले की लोक म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. उपयुक्त साठ्याची सगळी उंची सहा मीटरही भरत नाही, आणि मंदिर पूर्ण उघडे पडते ते या शून्याच्याही बरेच खाली. म्हणून पळसनाथ दिसणे ही मला पर्वणी वाटत नाही. सोलापूर जिल्ह्याचे कालवे आटल्याची आणि फुगवट्यावरच्या मोटारी आत आत सरकवाव्या लागल्याची ती खूण आहे. इटलीच्या उत्तरेला, दक्षिण तिरोल भागात, रेशेन तलावातून चौदाव्या शतकातल्या चर्चचा मनोरा वर आलेला आहे. तिथले ग्राऊन गाव 1950मध्ये धरणाने बुडवले. तलावाभोवती सायकलीची आखलेली वाट आहे आणि दुरून लोक ती चालवायला जातात. तो मनोरा बाराही महिने पाण्याबाहेर असतो, त्यामुळे त्याचे चित्र होऊन बसले आहे. आमचे मंदिर पातळी सांगते. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डीही असेच उन्हाळ्यात वर येते, आणि तिथले मूळ रहिवासी मे महिन्यात परत जमून आपल्या देवांच्या पाया पडतात.

यावर पहिला आक्षेप येईल की, उताराला एवढे कर्तेपण देणे म्हणजे माणसांना मोकळे सोडणे. भिंत कुठे घालायची, कालवे कोणत्या तालुक्यात न्यायचे, हे मंत्रालयात ठरते. आक्षेप बरोबर आहे आणि त्याने माझे म्हणणे पक्केच होते. निर्णय माणसांचा होता, पण तो झाल्यावर कोणावर काय कोसळले ते उताराने नेमून दिले. भिंतीच्या वरचे बुडाले, खालचे भिजले. कागदावर हे समजते, पण धरणग्रस्ताला आपल्या जुन्या गावठाणापासून किती वर यावे लागले, ते नव्या पळसदेवपासून पाण्यापर्यंत उतरून परत चढताना जास्त खरे वाटते. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो: दुष्काळात लोक टँकरची वाट पाहत असताना हौशी माणसाने बुडालेले गाव बघायला जावे का? मी म्हणेन, जावे, पण बघ्यासारखे नाही. सायकलवाल्याला वाटेत पाणी मागावेच लागते, आणि पाणी मागणारा माणूस त्या दिवशी पाण्याची किंमत विसरत नाही. हळू जाणे हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे आठवावे की तुकोबांची पालखी याच रस्त्याने बारामतीहून सणसरला पायी जाते आणि बेलवाडीला रिंगण होते.

राहिला प्रश्न मे महिन्यातल्या उन्हाचा. इथे हौसेपेक्षा शहाणपण मोठे. पहाटे चारला निघून आठपर्यंत पाण्याकाठी पोहोचावे आणि दहाच्या आत परतीला लागावे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि बारामतीकडे येताना तो तोंडावर येतो. तोवर घर गाठता येणार नसेल तर ऊन उतरेपर्यंत सावली धरून थांबावे. तीन लिटर पाणी, मीठ-साखर, दोन जादा ट्यूब, सोल्यूशन आणि पंप जवळ असावेत. एक सोय निसर्गाने आणि कारखान्यांनी मिळून केली आहे: मंदिर दिसते तेव्हा बहुतेक गाळप आटोपलेले असते, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांची भीती उरत नाही. महामार्गावर मात्र लागेल तेवढेच अंतर चालवावे. पाण्याकाठी पोहोचल्यावर सायकल बांधावरच उभी करावी. पुढे वेड्या बाभळीचे काटे असतात, आणि वरून भेगाळलेला गाळ आतून ओला असला की चाक रुतते. शिवाय ते कुणाचे तरी गावठाण आहे, त्यावरून चाके फिरवू नयेत. निघण्याआधी वर्तमानपत्रात उजनीचा टक्का पाहावा. तो शून्याच्या वर असेल तर त्या वर्षी मंदिर दिसणार नाही. तरीही जंक्शनहून उत्तरेला वळून तो चढ एकदा चढून यावाच.