खांदा आणि रोजी

माझे थोरले भाईजान बाजार समितीत हमाली करतात. तीस वर्षं पन्नास किलोची पोती वाहून उजव्या खांद्याचा सांधा झिजलाय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, नमाजेत तकबीरला हात कानापर्यंत जात नाही. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचवला. हाडाचा गोल माथा धातूचा, खोबण प्लॅस्टिकची. दुखणं बहुतेक थांबतं. पण चार-सहा आठवडे हात झोळीत, पुढे काही महिने व्यायाम, आणि पोतं उचलणं कायमचं बंद, कारण जड ओझ्याने सांधा सैल होऊ शकतो.

हाच सांधा कारकुनाला बसवला तर तो पुन्हा खुर्चीवर जाऊन बसतो. हमालाचा मात्र खांदा बरा होतो आणि रोजी जाते. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे नोंद असलेल्या हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळतो. भाईजानची नोंद आहे, पण तेवढ्यावर घर किती दिवस चालणार?

भाभी म्हणतात, "ऑपरेशन करून घ्या." भाईजान विचारतात, "मग खायचं काय?" दोघांचंही बरोबर आहे. म्हणून आम्ही ठरवलंय, आधी काट्यावरचं बसून करायचं काम पक्कं करायचं, मगच डॉक्टरांकडे तारीख मागायची.