रानातलं अंडं खुराड्यात?

कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलात, की चार पावलांवर शाहूपुरी लागते. १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी इथे व्यापारपेठ वसवली. गुळाच्या ढेपांनी या पेठेचं नाव दूरवर नेलं. आज इथे दुकानांची आणि वाहनांची गर्दी. पण मोठा रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत शिरा. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींची लगबग दिसेल, आणि एखाद्या जुन्या घराच्या परसात उकिरडा उकरणाऱ्या गावरान कोंबड्याही!

अशाच एका परसात मी बदकाचं एक एकटं पोर पाहिलं. नऊ कोंबडीची पिल्लं आणि त्यांच्यात हे एक चपट्या चोचीचं! घरातल्या आज्जींनी खुडूक कोंबडी रवणाला बसवली होती. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, बदकाचं २८ दिवसांत. म्हणून आज्जींनी बदकाची अंडी आधी ठेवली आणि आठवड्यानं कोंबडीची. म्हणजे सगळी एकदमच बाहेर येणार! पण बदकाच्या तीन अंड्यांतलं एकच फुटलं.

पहिला पाऊस पडला, परसात डबकं साचलं, आणि हे पोर सरळ पाण्यात! काठावर कोंबडीची नुसती तडफड. पंख फुलवून ओरडते आहे, पण पाण्यात पाय टाकायची छाती नाही. पुढे ते बदक मोठं झालं, तरी कोंबड्यांच्याच मागे फिरायचं. कोंबडा रात्री पेरूच्या फांदीवर चढला, की हे खाली मान वर करून बसून राहायचं.

आज्जींचा नातू सहावीतला. त्याचा मामा राधानगरीकडचा. नातू म्हणाला, "आज्जी, मामाला सांगून रानकोंबडीचं एक अंडं आणूया की! त्याला पण कोंबडीखाली ठेवू."

आज्जी म्हणाल्या, "आन् मग? ह्या बदकावानी त्येबी एकटंच ऱ्हायचं का रं?"

आज्जींचा सवाल साधा वाटतो, पण त्यात मोठं शास्त्र आहे.

आधी हा रानकोंबडा कोण ते पाहू. मोर, तितर, लावा आणि हिमालयातले फेझंट पक्षी यांच्याच कुळातला हा. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा राहतो. नराच्या मानेवर पिवळे-पांढरे ठिपके असे चमकतात, की जणू मेणाचे थेंब सांडलेत. शेपूट काळी-जांभळी, बाकदार. मादी मात्र तपकिरी, पाचोळ्यात बसली तर दिसायची नाही. तो आपल्या कोंबड्यासारखी लांबलचक बांग देत नाही, तुटक-तुटक आवाज काढतो.

शाहूपुरीपासून सुमारे ८० किलोमीटरवर दाजीपूरचं जंगल आहे. पूर्वी ते कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये गव्यांसाठी तिथे अभयारण्य झालं. आज ते राधानगरी अभयारण्याचा भाग आहे, आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. रानकोंबडा तिथलाच रहिवासी.

आता समजा, ते अंडं आणलं. कोंबडी ते आनंदानं उबवील. मग अडचण कुठे?

पहिली अडचण मनाची. कॉनरॅड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९३५ मध्ये दाखवून दिलं, की हंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर समोर जे हलताना दिसेल, त्यालाच आई मानतं. काही पिल्लं तर लोरेन्झच्याच मागे चालत! प्राण्यांच्या वागणुकीवरच्या संशोधनाबद्दल त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे आपला पाहुणा स्वतःला कोंबडीच समजणार. मुंगूस आलं तर कुठे दडायचं, रानात कोणतं फळ कधी पिकतं, हे त्याला शिकवणार कोण? मोठेपणी सोडून दिला, तर रान त्याला परकं. ठेवून घेतला, तर परस त्याला अपुरं.

दुसरी अडचण रोगांची. आपल्या कोंबड्यांच्या विष्ठेतून काही जंत पसरतात, आणि त्यांच्याबरोबर एका आजाराचे सूक्ष्म जीवही. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. टर्की, मोर, फेझंट यांना मात्र तो जिवावर बेततो. म्हणून जाणते पक्षिपालक असे पक्षी कोंबड्यांच्या अंगणात मोकळे सोडत नाहीत, वेगळ्या जागेत ठेवतात. शिवाय असा पक्षी पुन्हा रानात सोडला, तर राणीखेतसारखा खुराड्यातला रोग रानात पोचायचा धोका!

आणि तिसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची घरटी आणि अंडी विस्कटणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. तेव्हा मामांना असला निरोप मुळीच धाडायचा नाही!

मग हौस कशी भागवायची? बदकासाठी आज्जींनी बाजारातून आणखी दोन बदकं आणली. पहिले काही दिवस ते त्यांच्याजवळही फिरकलं नाही. हळूहळू रुळलं. आता तिघं मिळून डबकं घुसळतात. परसात वेगळं पाखरू पाळायचं, तर ते एकटं पाळू नये. सोबतीला त्याच्या जातीचं कुणीतरी हवंच.

आणि रानकोंबडा? तो तर आपल्या घरी केव्हाच आलाय! कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ मध्ये शास्त्रज्ञांना आढळलं, की कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. शेजारच्या गावरान कोंबडीचे पाय एकदा नीट बघा. पिवळे असले, तर ती दाजीपूरच्या रहिवाशाची लांबची नातेवाईक! आणि पाहुण्याला प्रत्यक्ष भेटायचंच असेल, तर पाऊस सरल्यावर आई-बाबांना घेऊन भल्या पहाटे दाजीपूर गाठा, आणि रस्त्याच्या कडेला गप्प उभे राहून कान द्या.