एकाची लाळ, साऱ्यांचं खानदान

शाळेत जुना दाखला मागायला कुणी आलं, की आमच्या पोटात गोळा येतो. ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून माणसं वडिलांचं, आजोबांचं नाव शोधत उर्दू शाळेच्या दारात येतात. कपाटातून जनरल रजिस्टर काढायचं, पिवळी पानं जपून उलटायची. नाव सापडतं, जन्मतारीखही सापडते. पण जातीच्या रकान्यात त्या वेळच्या मास्तरांनी 'बागवान' किंवा 'तांबोळी' न लिहिता नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं. मास्तरांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना काय ठाऊक, की या एका शब्दापायी साठ वर्षांनी नातवाची फीमाफी अडेल! माणूस निघून जातो आणि आम्ही उगीचच गुन्हेगारासारखे बसून राहतो.

एकदा लिहिलेलं पुढं कुठं उगवेल याचा नेम नाही, हे आम्ही असं दरसाल बघतो. तरी आमच्याच घरात तसं घडू लागलं, तेव्हा आम्ही हसत बसलो होतो.

त्याचं असं झालं. आमची आपा श्रीरामपूरला असते. तिचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं इंटरनेटवरून एक डबी मागवली. डबीतल्या नळीत थुंकायचं, झाकण लावायचं आणि कुरिअरनं परत पाठवायचं. काही आठवड्यांनी मोबाईलवर रिपोर्ट येतो : तुमचे पूर्वज कुठले, तुम्हाला कोणत्या आजाराचा धोका. आमचे बुजुर्ग सांगत आलेले, की आपण बुखाऱ्याकडचे. रिपोर्टात जवळजवळ सगळं दक्षिण आशिया निघालं. अम्मी म्हणाली, "इत्ते पैसे देके येच मालूम हुआ क्या?" सगळे हसलो. नगरकरांना त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. 1490 मध्ये निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचा बाप जन्मानं ब्राह्मण होता असं फरिश्ता लिहितो आणि ती बुडताना तोलून धरणारा मलिक अंबर हबशी होता.

रिपोर्टाचं दुसरं पान आम्ही धड वाचलंही नाही. त्यात लिहिलं होतं, की भाचा बीटा थॅलेसेमियाचा वाहक आहे. वाहकाला स्वतःला आजार नसतो, फार तर रक्त थोडं कमी भरतं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक मुलामागं चारांत एक अशी शक्यता, की मुलाला आयुष्यभर बाहेरचं रक्त द्यावं लागेल. भाच्यानं भल्या मनानं सगळा रिपोर्ट खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. 'सब लोग चेक करा लो,' असंही लिहिलं.

तेव्हा भाचीचा रिश्ता संगमनेरला ठरत आला होता. माणसं लांबच्या नात्यातलीच. मंगनीची तारीख काढायची तेवढी राहिली होती. पंधरा दिवसांत निरोप आला, इस्तिखाऱ्यात ठीक निघालं नाही. आता यावर कोण काय बोलणार? खरं कारण पुढं एका खालाच्या तोंडून कळलं : 'लडकी के घर में बीमारी है.'

भाची कुठल्याच नळीत थुंकली नव्हती. तिनं कुठं सही केली नव्हती, कुठलं बटण दाबलं नव्हतं. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घेतलं. ती वाहक नाही. सख्ख्या भावात आलेली गोष्ट बहिणीत येतेच असं नाही. तो कागद घेऊन आम्ही संगमनेरला गेलो आणि अदबीनं सुचवलं, की मुलाचंही एकदा तपासून घ्या, नातं एकच आहे. मुलाचे वालिद म्हणाले, "हमारे बच्चे कू क्या हुआ है?" चहा घेऊन परत आलो. बसमध्ये आपा एक शब्द बोलली नाही.

नंतर या धंद्याविषयी वाचत बसलो, तेव्हा कळलं की आमचं दुःख फारच लहान आहे. अमेरिकेत 23अँडमी नावाची कंपनी 2006 साली निघाली. दीड कोटी माणसांनी तिच्याकडं लाळ पाठवली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथली चोरी उघड झाली. चोरांनी इतर ठिकाणी फुटलेले पासवर्ड इथं लावून पाहिले आणि सुमारे 14 हजार खाती उघडली. पण नातेवाईक जुळवून देण्याची जी सोय होती, तिच्या वाटेनं सुमारे 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. आणि चोरांनी विकायला काय काढलं? वंशावरून केलेल्या याद्या. आधी अश्केनाझी यहुद्यांची, मग चिनी वंशाच्या लोकांची. हे वाचून आम्ही मोबाईल खाली ठेवला. वंशावरून याद्या कशासाठी करतात, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

मार्च 2025 मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी लोकांना आपली माहिती पुसून टाकण्याची आठवण करून दिली. जुलैमध्ये कंपनीच्याच एका संस्थापिकेच्या संस्थेनं साडेतीस कोटी डॉलरला सगळं घेतलं. दुकान विकलं की माल जातो, तशी लाळेची माहितीही गेली.

आपल्याकडं व्यक्तिगत माहितीचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. 2019 च्या विधेयकात जनुकीय माहितीला 'संवेदनशील' म्हणून वेगळी जागा होती. या कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही. संमती विचारायची ती थुंकणाऱ्याला. त्याच्या बहिणीला कोण विचारणार?

तपासणीच वाईट, असं आम्ही म्हणत नाही. आमच्यात नात्यात लग्नं होतात, तेव्हा निकाहाआधी दोन्ही बाजूंनी रक्त तपासलं तर फार बरं. पण तो कागद डॉक्टर आणि दोन घरं यांच्यात राहतो. कंपनीचा करार इंग्रजीत, पानंच्या पानं. भाचा एम.सी.ए. झालेला, तरी न वाचता 'मान्य' दाबून मोकळा झाला. त्याला रागवायला गेलो आणि जीभ अडखळली. विद्यार्थ्यांच्या 'अपार' क्रमांकासाठी संमतीचे फॉर्म भरून घेताना आम्ही तरी काय करतो? मजुरीवरून आलेली आई विचारते, "सर, ये काय का है?" शंभर फॉर्म व्हायचे असतात. आम्ही बोट ठेवून म्हणतो, इथं सही करा.

भाच्यानं माहिती पुसण्यासाठी कंपनीला मेल केला. विनंती नोंदवल्याचं उत्तर आलं. ग्रुपवरचा रिपोर्ट त्यानं काढला, पण ज्यांच्या मोबाईलमध्ये उतरला त्यांच्याकडं तो आहेच.

मागच्या महिन्यात राहुरीचा एक रिश्ता आला. घरात दोन दिवस वाद. अम्मी म्हणते, आधीच सगळं सांगून टाका, मागून कळलं तर वाईट. आपा म्हणते, मुलीला काही नाहीच, तर सांगायचं काय? दोघींनी आमच्याकडं पाहिलं. आम्हाला काही सुचेना. भाची आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "मामू, पहले उनकू बोलो, अपना तपास कराके आव."