मिलवॉकीहून शिकागोला, पाण्याने

मिलवॉकीहून शिकागोला गाडीने दीड-दोन तास लागतात. घरचं सगळं सामान त्याच रस्त्याने गेलं. होडीही तशीच नेता आली असती. डोलकाठी उतरवायची, क्रेनने उचलून ट्रेलरवर बसवायची, जेवणाच्या वेळेपर्यंत शिकागो. लोक नेतातही. पण ‘सुरंगी’ पाण्यानेच जाणार, हे आम्हा दोघांत न बोलताच ठरलेलं होतं. रस्त्याने नेली असती तर दोन शहरांच्या मधलं पाणी आम्हाला दिसलंच नसतं, आणि मिशिगन सरोवराचं जे काही खरं आहे ते त्या मधल्या पाण्यातच आहे.

अंतर साधारण ७५ सागरी मैल. आमची तीस फुटी जुनी कॅटलिना वारा बरा असला तर ताशी पाच मैल चालते. म्हणून वाटेत रसीन आणि वॉकीगन या बंदरांत मुक्काम करायचा आणि मग शेवटचा लांब पल्ला. नकाशावर हे सोपं होतं. अडत होतं ते वाऱ्यापाशी.

उन्हाळ्यात इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे दक्षिणेला निघालेल्याच्या तोंडावर. उत्तरेचा वारा पाठीवर घ्यावा म्हटलं तर त्याच्यापुढे ३०७ मैल लांबीचं मोकळं पाणी पडलेलं असतं, आणि तेवढ्या धावेत तो ज्या लाटा उठवतो त्यांच्यावर स्वार होऊन अरुंद बंदरात शिरणं शहाणपणाचं नाही. सरोवराची लाट अरबी समुद्रासारखी ऐसपैस नसते. ती आखूड, उभी, आणि दुसरी तिच्या पाठीला लागूनच येते. आम्हाला हवा होता वायव्येचा वारा. थंड हवेचा पट्टा पुढे सरकून गेला की दिवस-दीड दिवस तो वाहतो, कोरडा आणि स्वच्छ. तो जमिनीवरून पाण्याकडे येतो, त्यामुळे किनारा धरून चाललं तर लाट उठायला त्याला जागाच मिळत नाही. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, पण देवगडात ते पाठ करायची गरज नव्हती. पहाटे काळोखात मतलई वाऱ्यावर शीड भरून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. वायव्येच्या वाऱ्याची वाट पाहत बसले असताना मला त्या म्हाताऱ्यांची फार आठवण आली. आकाशाकडे बघत बसणं हे त्यांच्या लेखी कामच होतं.

देवगडच्या होड्या ज्या महिन्यांत किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, त्याच महिन्यांत आमची होडी पाण्यात असते. ऑक्टोबर आला की इथे क्रेन होड्यांना उचलून जमिनीवर ठेवते. मग त्यांना पांढऱ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं जातं, आणि मेपर्यंत त्या बर्फात उभ्या राहतात. जूनमध्येही पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. किनाऱ्यावरून वारा जोराने सुटला तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं थंडगार पाणी वर येतं. कालचं पोहण्याजोगं पाणी आज हातही घालवणार नाही इतकं बदललेलं असतं.

“पाणी खारां नाय, मगे तो दर्यो कसलो?” आई पहिल्यापासून विचारत आली आहे. भरती-ओहोटी नाही, हे तर तिला पटतच नाही. चंद्राची ओढ इथे बोटभरही जाणवत नाही. पण सरोवर स्थिर आहे असंही नाही. त्याची भरती वर्षांच्या हिशेबाने येते. २०१३ च्या जानेवारीत पातळी आजवरच्या नीचांकाला गेली होती. २०२० च्या उन्हाळ्यात तेच पाणी धक्क्यांच्या फळ्यांवर चढू लागलं. कधी कधी तर ते काही मिनिटांतही चढतं. २६ जून १९५४ ला वादळी वाऱ्याची एक फळी सरोवर ओलांडून गेली. तिने ढकललेलं पाणी पलीकडच्या किनाऱ्याला आपटून परत फिरलं. शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदराच्या धक्क्यावर माणसं शांतपणे गळ टाकून बसली होती. वादळ केव्हाच निघून गेलेलं होतं. त्या परतलेल्या पाण्याने आठ माणसं नेली. म्हणून वादळ संपल्यावरही मी लगेच निःशंक होत नाही, आणि सरोवराला तळं म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालते.

वारा आला आणि आम्ही निघालो. मिलवॉकीच्या कलासंग्रहालयाचे कालात्रावाने रचलेले पांढरे पंख बराच वेळ मागे दिसत राहिले. मग विंड पॉइंटचं उंच दीपगृह आलं. १८८० पासून ते तिथे उभं आहे, आणि त्याच्यामागे रसीन. दुसऱ्या पल्ल्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वारा होता आणि शीड भरलेलं होतं. माणसं अशा दिवसासाठीच होडी पाळतात.

वॉकीगन सोडल्यावर दक्षिणेच्या क्षितिजावर दोन-तीन काळ्या काड्या उभ्या दिसल्या. तेच शिकागो होतं. ४४२ मीटर उंचीचा विलिस टॉवर एवढ्या लांबून पूर्ण दिसत नाही. त्याचे खालचे मजले पृथ्वीच्या गोलाईमागे बुडालेले असतात. आम्ही पुढे सरकत होतो आणि शहर मजल्यामजल्याने पाण्यातून वर येत होतं. ज्या शहरात पुढची वर्षं काढायची ते असं सावकाश भेटावं, याहून चांगलं मी काही मागितलं नसतं.

पण त्याआधी विनेट्कासमोरचं पाणी लागतं. ८ सप्टेंबर १८६० च्या पहाटे ‘लेडी एल्जिन’ ही आगबोट इथे बुडाली. मिलवॉकीच्या थर्ड वॉर्डातली आयरिश कुटुंबं शिकागोची सहल करून घरी परतत होती. वादळी अंधारात ‘ऑगस्टा’ नावाचं लाकडं वाहणारं शिडाचं जहाज येऊन तिच्यावर आदळलं. तीनशेच्या आसपास माणसं गेली. एडवर्ड स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याने फुटणाऱ्या लाटांत पुन्हा पुन्हा शिरून सतरा जणांना किनाऱ्यावर ओढून आणलं. पुढे १८७३ मध्ये एव्हन्स्टनला ग्रोस पॉइंटचं दीपगृह बांधलं, त्यामागे त्या रात्रीची आठवण होती. आम्ही त्याच वाटेने, पण उलट्या दिशेने चाललो होतो. मिलवॉकीत राहत असताना थर्ड वॉर्डातली दुकानं आणि खाणावळी माझ्या रोजच्या रस्त्यावर होत्या. तिथल्या किती घरांतली माणसं या पाण्यातून परतलीच नाहीत, हे इथे येईपर्यंत माझ्या आत उतरलं नव्हतं. आम्ही सुकाणू थोडं खोल पाण्याकडे वळवलं आणि बराच वेळ काही बोललो नाही.

शिकागोत होडी बोयाला बांधली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या होडीवरचे आजोबा वल्हवत आले आणि विचारू लागले, “मागचं नाव कधी बदलणार?” तटरक्षक दलाकडे नोंदलेल्या होडीच्या अंगावर तिचं नाव आणि तिचं बंदर किमान चार इंची अक्षरांत लिहावं लागतं. ‘सुरंगी’च्या खाली ‘मिलवॉकी’ आहे. होडी तिथेच राहायला हवी असं कायदा म्हणत नाही. मी ठामपणे सांगितलं, बदलणार नाही. गाव सोडलं की प्रत्येक अर्जावरचा पत्ता बदलावा लागतो, आणि मी तो अनेकदा बदलला आहे. होडीवर मी तशी वेळ आणणार नाही.

तरी शिकागोला येण्यात एक गोष्ट अशी आहे जी मिलवॉकीत नव्हती. मिलवॉकी सरोवराचं पाणी पिते आणि वापरून, शुद्ध करून सरोवरालाच परत देते. शिकागोने १९०० साली आपल्या नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता इथलं पाणी इलिनॉय नदीतून मिसिसिपीला आणि तिथून मेक्सिकोच्या आखाताला जातं. पाणी जातं तिथे होडीही जाऊ शकते. लेमाँटजवळचा रेल्वेपूल पाण्यापासून जेमतेम साडेएकोणीस फुटांवर आहे, म्हणून डोलकाठी शिकागोतच उतरवायची, आडवी बांधून न्यायची आणि थेट अलाबामातल्या मोबील बंदरात पुन्हा उभी करायची. तिथे पाणी खारं असतं.

हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा होडीबद्दल तिने आपणहून पहिल्यांदाच काही विचारलं. कुठल्या महिन्यात निघणार? मी म्हटलं, निघालो तर सप्टेंबरात, तेही रमतगमत, कारण आखातातली चक्रीवादळं नोव्हेंबरपर्यंत ओसरत नाहीत. तिने क्षणभर विचार केला. “म्हणजे नारळी पुनवेनंतर,” ती म्हणाली. “मगे बरोबर.”