नेहरू प्लेस : आज घ्यावे की थांबावे?

दिल्लीच्या दक्षिण भागात कालकाजीचे देऊळ आणि बहाई पंथीयांचे कमळाच्या आकाराचे मंदिर पाहायला पर्यटक आवर्जून जातात. तिथून जवळच असलेल्या नेहरू प्लेसकडे मात्र हौसेने फिरायला म्हणून फारसे कुणी जात नाही. तिथे जायचे ते कामासाठी. एका हातात पडद्याच्या कापडाची पिशवी आणि दुसऱ्या हातात मदरबोर्डचा खोका, अशी माणसे तुम्हाला भारतात दुसरीकडे क्वचितच दिसतील. इथे ती पावलोपावली भेटतात.

दिल्लीच्या १९६२ सालच्या बृहत् आराखड्यात शहराच्या निरनिराळ्या भागांत व्यापारी केंद्रे उभारण्याची कल्पना होती. त्यातून दिल्ली विकास प्राधिकरणाने नेहरू प्लेस वसवले. करड्या, उंच इमारती आणि मधोमध वाहनांना मज्जाव असलेले फरसबंद चौक. इमारतींची नावे मात्र मोठी रसिक : मेघदूत, मंजूषा, देविका! वरच्या मजल्यांवर कचेऱ्या आल्या, खाली दुकाने. कापडवाले आले आणि मग कॉम्प्युटरवाले आले. दोघेही राहिले. मुंबईला लॅमिंग्टन रोड, बंगळुरूला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, तसे उत्तर भारताला नेहरू प्लेस.

चौकात पाऊल टाकताच हाका सुरू होतात. ‘लॅपटॉप, प्रिंटर, स्क्रीन... बोलिए सर!’ एकेकाळी तरुण पोरे कानाशी येऊन सॉफ्टवेअरच्या सीडींची नावे कुजबुजत; तो चोरटा व्यापार सीडीबरोबरच ओसरला. आता पटरीवर मोबाइलची कव्हरे, चार्जर, माऊस मांडलेले असतात आणि त्यांच्या मधूनच छोले-कुलच्यांचा वास येतो. या साऱ्या गलबल्यातून वाट काढत गिऱ्हाईक अरुंद जिन्याने वर चढते आणि काउंटरशी उभे राहून तोच प्रश्न विचारते, जो इथे तीस-पस्तीस वर्षे विचारला जातो आहे : ‘प्रोसेसर आता बदलू, की नवा येईपर्यंत थांबू?’

प्रश्न जुना असला तरी खोटा नाही. इंटेलचा ४८६ हा प्रोसेसर १९८९ साली आला आणि १९९३ मध्ये पेंटियम. ज्याने पेंटियमच्या तोंडावर महागडा ४८६ घेतला, त्याची हळहळ अनेक घरांनी ऐकली असेल. एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर दोन वर्षांनी दुप्पट होत जाईल, असा अंदाज गॉर्डन मूर यांनी १९७५ मध्ये मांडला होता (त्याआधी, १९६५ साली, त्यांनी ती दरवर्षी दुप्पट होईल असे म्हटले होते). ग्राहकाने त्यातून आपल्यापुरता सोपा अर्थ काढला : थांबेल त्याला स्वस्त मिळेल. बरीच वर्षे तसे घडलेही. पण थांबण्याची किंमत कुणी हिशेबात धरत नव्हते. रात्र-रात्र यंत्रासमोर ताटकळणाऱ्या माणसाच्या वेळेला भाव नसतो काय?

हा हिशेब समजून घ्यायला बल्लभगढचा एखादा लग्नाचा फोटोग्राफर डोळ्यांसमोर आणावा. बल्लभगढहून मेट्रो थेट नेहरू प्लेसच्या स्टेशनात येते, त्यामुळे त्या बाजूचे असे पुष्कळ गिऱ्हाईक इथे दिसते. देवउठनी एकादशीला चातुर्मास संपतो आणि उत्तरेकडे लग्नांची झुंबड उडते. डिसेंबरच्या मध्यावर खरमास लागला की मुहूर्त थांबतात. म्हणजे मोठी कमाई त्या चार-पाच आठवड्यांत. एका लग्नाची चित्रफीत तयार करायला यंत्र रात्रभर चालते आणि सकाळी वधूच्या वडिलांचा फोन येतो, ‘भाईसाहब, हो गया क्या?’ घरात बायको आल्बम लावते, मुलगा बारावीला, आणि कॉम्प्युटर एकच. अशा माणसाला ‘पुढच्या वर्षी आणखी चांगला येईल’ हा सल्ला काय कामाचा?

समजा, त्याच्याकडे २०१८ सालचा रायझन ५ २६०० आहे आणि बी४५० जातीचा मदरबोर्ड. दुकानदार प्रामाणिक असेल तर पहिला प्रश्न पैशाचा विचारणार नाही. तो विचारेल, ‘काम चालू असताना नक्की काय अडते?’ विंडोजमधले टास्क मॅनेजर उघडून पाहिले की बरेचसे कळते. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांवर असेल तर दोष त्याचाच. मेमरी भरून वाहत असेल, तर नवा प्रोसेसर घालून काही साधणार नाही. आणि यंत्रात अजून जुनी, फिरणारी हार्ड डिस्कच असेल, तर आधी एसएसडी बसवावी. निम्मी गिऱ्हाइके तेवढ्यावरच खूष होतील.

फोटोग्राफरचा प्रोसेसर शंभरावर आहे असे धरू. इथे त्याचे नशीब बरे. एएमडी कंपनीने २०१७ मधल्या पहिल्या रायझनपासून एएम४ हाच सॉकेट वर्षानुवर्षे चालू ठेवला. त्यामुळे २०२२ साली आलेला आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स त्याच्या जुन्या बोर्डावर बसतो. फक्त बोर्डाचे बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, अद्ययावत करून घ्यावे लागते. नाही तर पडदा काळाच राहतो आणि माणूस उगाच चिपला शिव्या देतो. या प्रोसेसरच्या खोक्यात पंखा येत नाही, म्हणून जुना पंखा फेकू नये. इंटेलवाल्यांचे गणित वेगळे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. सॉकेटचे नाव दोन्हीकडे ११५१ आणि चिप मापाने बरोबर बसते, पण यंत्र सुरू होत नाही. ‘बसते म्हणजे चालते’ या समजुतीने इथे कित्येकांचे पैसे बुडाले असतील. लॅपटॉपवाल्यांना तर हा प्रश्नच उरलेला नाही; त्यांचा प्रोसेसर बहुधा बोर्डालाच जोडलेला असतो.

मग सगळेच नवे का घेऊ नये? नवा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्याला बोर्ड नवा लागतो आणि डीडीआर५ मेमरी लागते. जुन्या डीडीआर४ पट्ट्या त्यात बसतच नाहीत. एरवी हा खर्च थांबून, जमवून करता आला असता. पण २०२५च्या अखेरीस उलटेच झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा सेंटरांसाठी चिप बनवणाऱ्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि घरगुती कॉम्प्युटरच्या मेमरीचे भाव काही महिन्यांत कित्येक ठिकाणी दुपटीच्याही वर गेले. आज नको, दिवाळीनंतर स्वस्त होईल म्हणून थांबलेल्यांना दिवाळीनंतर महागच मिळाले. तीस वर्षांच्या अनुभवाने शिकवलेला धडा त्या हिवाळ्यात उपयोगी पडला नाही. जुनी मेमरी ठेवून नुसता प्रोसेसर बदलणारा मात्र या तडाख्यातून बराचसा वाचला.

घाई करू नये अशीही घरे असतात, हे सांगायला हवे. ज्या घरात कॉम्प्युटरवर पत्रे लिहिली जातात, विजेची बिले भरली जातात आणि शनिवारी सिनेमा पाहिला जातो, त्यांनी दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलू नये. त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो वेगाचा नव्हे, वयाचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर होत असतील तर तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही. आणि फक्त खेळासाठी हट्ट धरलेल्या चिरंजीवांना आधी विचारावे की अडचण प्रोसेसरची आहे की ग्राफिक्स कार्डाची. उत्तर बहुधा दुसरे निघते.

खरेदी ठरलीच, तर नेहरू प्लेसच्या रीतीही ठाऊक हव्यात. रविवार टाळावा, बहुतेक दुकाने बंद असतात. तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नये. भाव सांगताना तो जीएसटीसह की जीएसटीविना, हे स्पष्ट विचारावे. ‘पक्के बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणणाऱ्यापुढे हात जोडावेत, कारण बिल गेले की वॉरंटीही गेल्यात जमा. ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे खोक्याविना सुटा आलेला, स्वस्त पडतो, पण त्याची हमी बहुतेकदा विकणाऱ्याच्या शब्दावर असते. जुना प्रोसेसर विकायला नेताना प्लास्टिकच्या डबीत न्यावा. एएम४ प्रोसेसरच्या पिना चिपच्याच पोटाला असतात; खिशात किल्ल्यांबरोबर टाकला तर पिना वाकतात आणि भाव शून्य होतो. शक्यतो जोडणी तिथेच करून घ्यावी, पडदा उजळलेला पाहावा आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.

या जोडणीला आणि बायोसच्या कामाला तास-दीड तास सहज लागतो. तेवढ्या वेळात बल्लभगढच्या त्या गृहस्थाला खाली उतरता येते. बायकोने दिलेल्या चिठ्ठीत सोफ्याच्या कापडाचे माप लिहिलेले असते आणि कटपीसवाल्यांच्या गठ्ठ्यांत मनाजोगता रंग शोधायला त्याहून जास्त वेळ लागतो.