शिखरावरचा दगड

सोलापूरकरांच्या वाट्याला डोंगर येत नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटाहून उंच असे आम्ही बालपणी काही पाहिले असेल, तर ती गिरण्यांची धुराडीच. तुळजापूरला जाताना बालाघाटची रांग लागते खरी, परंतु ती डोंगरापेक्षा पायरीच अधिक वाटते. म्हणून २०१२ च्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील आम्ही सात जणांनी कळसूबाईला जाण्याचे ठरविले, तेव्हा त्यात साहसापेक्षा कुतूहलच अधिक होते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर! उन्हाळ्यात जाऊ नका, असे जाणत्यांनी बजावले होते. आम्ही हसलो. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलेल्यांना उन्हाचे काय सांगता?

आठवे होते मामा. सत्तरीला टेकलेले. त्यांचे सारे आयुष्य फरशी बसविण्यात गेले. सोलापुरात घरोघरी शहाबादी फरशी; वैशाखातल्या दुपारी तिच्यावर पाणी शिंपडून उघडी पाठ टेकण्याचे सुख ज्याने अनुभविले नाही, त्याला आमचे गाव कळले नाही. मामांना शिखराचे आकर्षण नव्हते. त्यांना दगड पाहायचा होता.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील बारी हे पायथ्याचे गाव. पहाटे तेथे उतरलो आणि समोरच्या कड्यांवर उजेड पडू लागला, तसे मामा म्हणाले, "ही पाहा, फरशीची चळत लावून ठेवलीय!" खरोखरच आडवे थर एकावर एक रचलेले दिसत होते. मात्र वाटेतल्या पहिल्याच खडकावरून तळवा फिरवून त्यांनी मान हलविली. "शहाबादी नव्हे. हा काळा पाषाण. ह्याचे असे पापुद्रे सुटायचे नाहीत." त्यांच्या बोटांना जे कळले, त्याची फोड शास्त्र अशी करते : शहाबादची फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, प्राचीन सागराच्या तळाशी गाळ साचून झालेला, आणि सह्याद्रीचे हे थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहिलेले लाव्हारसाचे लोट. कठीण लोटाचा कडा होतो, मऊ लोट झिजून सपाटी. एक पाण्याचे अपत्य, दुसरे अग्नीचे. मामांनी हे सारे लक्षपूर्वक ऐकले व म्हणाले, "पण बसवायला शहाबादीच बरी."

निघायलाच आठ वाजले. ही पहिली चूक. करवंदांच्या जाळ्या होत्या तोवर चालणे सुखाचे होते. पुढे झाडी सरली आणि ऊन दोन्हीकडून लागू लागले, वरून आकाशाचे व बाजूने खडकाचे. सोलापूरचे ऊन आपण सावलीत बसून सोसतो, हे तेथे उमगले. पहिल्या लोखंडी शिडीचे कठडे रुमालाने धरावे लागले. दुसऱ्या शिडीखाली मामा बसले. हात थरथरत होते.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "वरचा एक दगड तेवढा आणा. बघू कसा असतो."

कुणीतरी थांबावे, असे आमच्यातील प्रत्येकाला वाटले असेल. कुणीच थांबले नाही. खडकाला लागून हातभर सावली होती. तिच्यात मामांना बसविले, अर्धी बाटली पाणी ठेवले आणि चढू लागलो. सूर्य माथ्यावर आला की ती सावली उरणार नाही, हे कळायला शास्त्र लागत नव्हते.

शिखर अप्रतिम होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. शेंदरी रंगाचे चिमुकले देऊळ, खाली भंडारदऱ्याचे पाणी, पश्चिमेला अलंग, मदन व कुलंग यांचे उभे कातळ. वारा असा की ऊन विसरावे. कडक भाकरी व शेंगांची चटणी सुटली. प्रार्थना म्हटली, छायाचित्रे घेतली. आता येथेच राहावे, असे आमच्यातील एक जण म्हणाला आणि आम्ही सर्वांनी माना डोलविल्या. तासाहून अधिक वेळ गेला.

परतलो तेव्हा ती जागा उन्हात तळपत होती. रिकामी बाटली पडलेली, मामा नाहीत. आम्ही हाका मारल्या. कड्याने त्या परत केल्या. त्या उतारावरची वीस मिनिटे आम्ही कुणीही आजवर घरी नीट सांगितलेली नाहीत.

मामा खाली एका झापाच्या सावलीत आडवे होते, डोक्यावर ओले फडके. लिंबूसरबत विकणारी एक बाई वरून येत होती. तिने त्यांना उन्हात पाहिले व खांदा देऊन उतरविले. तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "तुम्ही यांचं कोन?"

उत्तर लवकर आले नाही.

मामांनी डोळे उघडून विचारले ते दगडाचे. आम्ही साफ विसरलो होतो. आमच्यापैकी एकाने मागे जाऊन कोरड्या ओहोळातला एक गोटा उचलला व "हा घ्या, वरचा," म्हणून त्यांच्या हाती दिला. तो कोण, हे सांगण्यात अर्थ नाही. उरलेले सहा जण गप्प होते. मामांनी अंगठा ओला करून गोट्यावर घासला, उलटसुलट करून पाहिला.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "वर पाणी फार वाहत असेल." आणि तो खिशात ठेवला.

पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, २४ फेब्रुवारीला, मिस्सामध्ये प्रभूच्या रूपांतराचा वृत्तांत वाचला गेला. पेत्राला डोंगरावर तीन मंडप उभारायचे होते; आपण काय बोलतो आहोत, ते त्याला कळत नव्हते, असे लूक नोंदवितो. खाली उतरल्यावर त्यांना आजारी मुलाचा व्याकूळ बाप भेटतो, ती वचने त्या दिवशी वाचली जात नाहीत. आम्ही ती घरी जाऊन वाचली, आणि संध्याकाळी सातही जण मामांकडे गेलो. सर्व सांगून टाकावे, असे ठरले होते.

मामांनी फरशीवर पाणी शिंपडले आणि "बसा" म्हणाले. खिडकीत विजेच्या बिलांवर तो गोटा ठेवला होता. नातवाने त्याला हात लावताच मामा म्हणाले, "ठेव तो. कळसूबाईचा आहे. अगदी शिखरावरचा, बरं का!"

चहा आला. आम्ही तो प्यालो.