'झाडाझडती' आणि आमचा ऊस

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' मी प्रथम वाचली ती एम.ए.ला असताना. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला 1992चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. 'धरणग्रस्तांच्या व्यथेचे प्रभावी चित्रण' असे लिहिले की परीक्षेपुरते भागत असे. मीही तेच लिहिले.

सुट्टीत कोऱ्हाळे बुद्रुकला घरी आलो, तेव्हा नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले होते. रात्री वडिलांबरोबर उसाला दारे धरताना सहज विचारले, "अण्णा, या पाण्यासाठी गावं बुडाली असतील ना?"

"असतील की. धरणं काय मोकळ्या रानात बांधत्यात व्हय?" असे म्हणून ते फावडे घेऊन पुढच्या सरीकडे वळले.

भाटघर आणि वीर ही नावे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, ती केवळ पाणीसाठ्याच्या आकड्यांसाठी. बुडालेल्या एकाही गावाचे नाव त्या रात्री आम्हा दोघांनाही सांगता आले नसते.

पाटील हे शाहूवाडी तालुक्यातील नेर्ले गावचे. पुढे शासकीय अधिकारी झाले. सरकारी कागदाची चाल त्यांना आतून ठाऊक आहे. त्यामुळे या कादंबरीतील अन्याय कुणा एका खलपुरुषापाशी थांबत नाही. नोटीस, मोजणी, मोबदला, पुनर्वसन अशा पायऱ्यांनी, सहीशिक्क्यानिशी तो येत राहतो. तपशिलांचा भार कादंबरीला काही ठिकाणी पेलत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु विस्थापिताचे आयुष्य अशा तपशिलांतच अडकलेले असते, हेही विसरता येत नाही.

महाराष्ट्रात 1976 साली पुनर्वसनाचा कायदा झाला. धरणग्रस्तांना पर्यायी जमीन द्यायची ती लाभक्षेत्रातली, म्हणजे बागायतदारांच्या रानातली. तेथे त्यांची गाठ सरकारइतकीच आमच्यासारख्यांशी पडते. हे ध्यानात आल्यावर कादंबरीत माझी जागा कोणती, याविषयी शंका उरली नाही.

आज ही कादंबरी शिकवताना 'ग्रामीण' हा शब्द मी जपून वापरतो. धरणाच्या वरचे गाव ग्रामीण आणि खालचेही ग्रामीण. दोघांचे हित मात्र एक नव्हे. समोरची बरीच मुले उसाच्या घरची असतात. त्यांना मी आधी एवढेच विचारतो, की तुमच्या पाटाचे पाणी कोठून येते? धरणाचे नाव बहुतेकांना येते. पुढचा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. 'झाडाझडती' त्यानंतरच उघडायची, असे मी ठरवले आहे.